भूतकाळाच्या शेपट्या

अल्टरवाली आजी स्पॅनिश शिकायला जाते, हे गल्लीत कळलं तेव्हा सगळ्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. समोरच्या चष्मेवाल्यानं तर दुकानातूनच ओरडून विचारलं, “काय आजी, आता पॅन्टची उंची स्पॅनिशमधे कमी करणार का?”

“उंची आपल्याच भाषेत करते,” मशीनवरची मान वर न करता आजी म्हणाली, “तुझी जीभ तेवढी स्पॅनिशमधे कमी करायचीय. शिकून येते, मग बघते.”

आजीचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचं अंगाशी बिनसलेलं तिच्याकडे यायचं. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं खपाटीला गेलं, कुणाला थोरल्या भावाची पॅन्ट मिळाली आणि ती पायात लोळतेय. उसवायचं, कापायचं, पुन्हा शिवायचं, यातच जन्म गेला. शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. वाचायचं तर बोट अक्षराखाली धरून, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं एकेक अक्षर पलीकडे न्यायचं.

अशी बाई स्पॅनिश का शिकते, ते हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते तिच्या तोंडावर हसायचे आणि तिची पाठ वळली की गप्प व्हायचे.

तिचा एकुलता एक मुलगा बोक्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. लहानपणी दुधाच्या पातेल्याभोवती घुटमळायचा म्हणून बोक्या, तो मिशा फुटल्यावरही बोक्याच. लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, त्या कामावर दूरदेशी गेला, तिथल्याच स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीशी लग्न केलं. त्यांना मुलगी झाली. ती दुडुदुडु धावायला लागली तेव्हा तिघं एकदा येऊन गेले. पुन्हा यायचं चाललं होतं, तेवढ्यात एका सकाळी बोक्या कामावर गेला, आणि संध्याकाळी आजीला फोन आला तो त्याच्या कचेरीतून, मधे दुभाष्या घालून. दुभाष्या बिचारा स्वतःच इतका घाबरलेला की ‘लिफ्ट’ आणि ‘नाही’ याखेरीज त्याच्या तोंडून धड काही फुटलं नाही. आजीला जायचं होतं. कागद वेळेत झाले नाहीत. बोक्याला तिकडेच पुरलं.

मागे राहिल्या सासू आणि सून, आणि दोघींच्या मधे बोलायला शब्द नाही. सुनेला आपल्या भाषेतला एकच शब्द यायचा, ‘आई’. फोन लावून ती ‘आई’ म्हणायची आणि रडायची. इकडून ही रडायची. रडून झाल्यावर दोघी फोन कानाला लावून नुसत्याच बसून राहायच्या. असं किती दिवस चालायचं? शेवटी आजीनं औषधाच्या दुकानावरची खोली गाठली. तिथं बोटीवरचे मास्तर स्पॅनिश शिकवायचे. मास्तर म्हणजे जहाजावरचे जुने खानसामे. शिकवता शिकवता त्यांचा हात पातेलं ढवळल्यासारखा फिरत राही. बाहेरगावी कामाला जाणारी माणसं त्यांच्याकडे यायची. या वर्षी एक नर्स होती, एक ड्रायव्हर होता, आणि आजी.

वर्तमानकाळ तिनं चिकाटीनं अंगवळणी पाडला. मग फोनवर बोलणं सुरू झालं. तू कशी आहेस? मी बरी आहे. मुलगी काय करते? मुलगी झोपते. पुढच्या खेपेला विचारलं तर मुलगी शाळेत जाते. त्याच्या पुढच्या खेपेला ती आंघोळ करते. नातीचा आवाज काही ऐकू यायचा नाही, आणि फोनमधे तोंड दाखवायचं म्हटलं की तिकडचा कॅमेरा बिघडलेला. आजीच्या मनात पाल चुकचुकायची. आपल्याला पोरीपासून लांब ठेवतात की काय? पण ‘तू खोटं बोलतेस’ हे वर्तमानकाळात म्हणता येत असलं तरी म्हणावं कसं?

आणि एके दिवशी सूनच म्हणाली, “आई, आम्ही येतो. थोडे दिवस.”

त्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर भूतकाळ काढला, याला आजी नशीब म्हणाली.

“आत्तापर्यंत काय चाललंय ते बोललो,” मास्तर म्हणाले. “आता होऊन गेलं ते. हा घ्या शब्द, कोर्तार. म्हणजे कापणं. शेवटचा ‘आर’ उडवायचा. राहिलं कोर्त. त्याला शेपटी लावायची, ज्याची त्याची. मी कापलं, कोर्ते. तू कापलंस, कोर्तास्ते. त्यानं कापलं, कोर्तो. आम्ही, कोर्तामोस. तुम्ही, कोर्तास्तेइस. त्यांनी, कोर्तारोन. आणि कोर्तो म्हणताना जोर शेवटी हं. आधी दिलात तर तुम्ही आत्ता कापताय. शेवटी दिलात तर त्यानं मागेच कापून टाकलंय.”

“म्हणजे अल्टरच की हो,” आजी म्हणाली. “मूळचा काठ उसवायचा, आणि ज्याच्या अंगावर जायचंय त्याच्या मापाचा लावायचा.”

“बरोब्बर. आता दुसरं माप. कोमेर, खाणं. बिबिर, जगणं. या एरवाल्या आणि ईरवाल्यांना शेपट्या सारख्याच. कोमी, कोमिस्ते, कोमियो, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन. म्हणा.”

तिघांनी म्हटलं. ड्रायव्हर दर वेळी ‘तू खाल्लंस’ला अडखळे. नर्स त्याला म्हणाली, “खाल्लंस ना घरून? मग म्हणायला काय जातंय?”

आजीनं विचारलं, “मास्तर, सगळे असेच सरळ कापले जातात?”

“छे! हे सरळ वळणाचे. काही महा वांड आहेत. जाणं, देणं, पडणं, मरणं. त्यांचं सगळंच वेगळं. त्यांना पुढे बघू. आधी सरळ आहेत त्यांना हाताखाली घाला.”

आजीला सरळच हवे होते. तिच्या डोक्यात सगळं आखून झालेलं होतं. बापाचे फोटो पोरीकडे असतील, पण फोटोतला बाप नुसता हसतो. बोक्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि उतरायला येईना म्हणून वरूनच गाणी म्हणत बसला, ते फोटोत कुठून येणार? सुबियो, चढला. कांतो, गायला. चष्मेवाल्याच्या बापाची काच फोडली, रोंपियो. साबणाची वडी मिठाई समजून खाल्ली, कोमियो, आणि मग रडला, योरो. मशीनच्या पायडलवर पाय चालायचा आणि तोंडानं शेपट्या चालायच्या. पोरीला तिचा बाप लहानपणापासून पुरवायचा, एवढंच तिला आता जगात करायचं राहिलं होतं.

आणि आणखी एक केलं तिनं. मागच्या खेपेला बोक्या एक शर्ट ठेवून गेला होता. हिरवा, बारीक पांढऱ्या रेघांचा. कॉलर झिजली होती, ती उलटवून द्यायची होती. त्या शर्टाचा खिसा आजीनंच पूर्वी तिरपा लावून दिला होता, झाकणासकट, वाकलं तरी आतला टेस्टर पडू नये म्हणून. असला खिसा जगात दुसरा नव्हता. शर्ट कपाटात होता. आजी कधी तो काढायची, हुंगायची, पुन्हा ठेवायची. वास केव्हाच गेला होता, कपाटाचा तेवढा यायचा. आता नात यायची म्हटल्यावर तिनं मन घट्ट केलं, शर्ट टेबलावर पसरला आणि कात्री लावली. त्याचा झाला बिनबाह्यांचा फ्रॉक, आणि तिरपा खिसा बरोबर पोरीच्या पोटावर येईल असा. माप सुनेनं पाठवलेल्या शाळेच्या फोटोवरून अंदाजानं घेतलं. अंदाज तिचा सहसा चुकत नसे.

पाहुण्या आल्या त्या दुपारी. नातीला पाहून आजीला आपसूक हाक सुचली, ठमी. कंबरेवर हात, हनुवटी वर, डोळे बोक्याचे. सात वर्षांची ठमी दारातून आत आली, “आबुएला!” म्हणून आजीला घट्ट मिठी मारली आणि मिठी सुटायच्या आतच आत धावली. पुढची खोली, मागची खोली, न्हाणीघर. दारामागे बघितलं. कपाट उघडलं. कापायच्या टेबलाखाली वाकून बघितलं. आजीला वाटलं, खेळतेय पोर, लपाछपी. हसत ती सुनेकडे वळली, तर सुनेचा चेहरा पांढराफटक.

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, नळ सोडून ठेवून, सून हळूहळू बोलली. आजीला कळावं म्हणून अगदी साधं, वर्तमानकाळात.

“तिला माहीत नाही. तिला वाटतं, पापा इथं आहे. तुमच्याकडे.”

आजीला आधी वाटलं आपलं स्पॅनिश कमी पडतंय. तिनं पुन्हा विचारलं. सुनेनं पुन्हा तेच सांगितलं. बोक्या गेला त्या दिवशी पोर विचारायला लागली, पापा कुठंय, पापा कुठंय, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, आबुएलाकडे. मग ते परत घेता येईना. म्हणून पोर फोनवर कधी यायची नाही. म्हणून कॅमेरा बिघडलेला.

“आणि आता?” आजी म्हणाली. “आता तो कुठंय?”

“कामावर. लांब. आपण इथं आहोत तोवर येत नाही.”

“आणि मग?”

सुनेनं खांदे उडवले. मग नळ बंद करून म्हणाली, “आई, तुम्ही तिला सांगता, तर मी तिला परत आणत नाही. कधी नाही.”

भाषा शिकल्याचा आजीला पहिल्यांदाच पस्तावा झाला. न शिकती तर हे कळलं नसतं.

तिनं लगबगीनं जाऊन फ्रॉक काढला. हव्या त्या वेळी नेमकी लपवायची जागा सुचत नाही, तशी तिलाही सुचली नाही. तयार कपड्यांच्या दांडीवर अगदी मागे, एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या आत तिनं तो अडकवला, आणि हाताच्या सवयीनं त्याला चिठ्ठीही टाचली. बिननावाची.

मग सुरू झाले ते दिवस. ज्या शेपट्यांसाठी आजीनं जिवाचं रान केलं होतं, त्या सगळ्या गिळून टाकायच्या होत्या. बोक्या त्राबाखा, काम करतो. त्राबाखो म्हणायचं नाही. तोंड उघडताना जोर कुठल्या अक्षरावर पडतोय याची धास्ती. टाकीची गोष्ट सांगायला सुरुवात केली तर ठमी म्हणाली, “आणि आता चढतो का तो टाकीवर?” आजीनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं भिंतीकडे. गोष्ट तिथंच राहिली.

ठमी काही भोळी नव्हती. पोलिसानं घराची झडती घ्यावी तशी ती प्रश्न घेऊन फिरायची.

“पापाचा टूथब्रश कुठंय?”

“बरोबर नेतो.”

“त्याची गादी?”

“गुंडाळून ठेवते मी.”

“दाखव.”

आजीनं आपलीच जादा गादी दाखवली. ठमी तिच्यावर आडवी झाली, नाक खुपसून पडून राहिली, मग उठून म्हणाली, “ही तुझी आहे.” आणि गेली निघून.

एकदा चष्मेवाला बटण लावून घ्यायला आला. ठमीला बघून “अरेच्चा, हे तर बोक्याचंच नाक!” म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले. शर्टाच्या बाहीनं पुसत तो बटण न लावताच पळाला.

“तो का रडतो?” ठमीनं विचारलं.

“चष्म्याचं दुकान आहे त्याचं,” आजी म्हणाली. “डोळ्यांना पाणी येतं.”

ठमी हसली नाही. आजीला वाटलं, आपण हिला दर तासाला एक खोटं खाऊ घालतोय, आणि पोर ते चावून चावून थुंकतेय. सुनेचं तर त्याहून वाईट. जेवणाच्या ताटावर बसायची आणि बटाट्याच्या फोडी इकडच्या तिकडे करत राहायची. तिच्यावर रागवावं तर ती रागवण्याइतकीही उरलेली नव्हती. आजीनं ठरवलं, गप्प बसायचं. पोर दिसतेय, अंगाला बिलगतेय, पुढेही दिसावी. त्यासाठी मेलेल्याला जिता म्हणावं लागलं तर म्हणू.

जायच्या आदल्या दिवशी सून तिकिटांचं बघायला बाहेर गेली. आजी एका कोटाचं अस्तर लावत होती. ठमी दुकान दुकान खेळत होती. दांडीवरच्या एकेका कपड्याला हात लावून गिऱ्हाइकासारखी नाक मुरडायची, “हे घट्ट आहे. हे म्हातारं आहे.” तिचा आवाज मागे मागे जात होता, आणि आजीच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. आवाज बंद पडला होता.

ठमी फ्रॉक हातात धरून उभी होती. तो तिनं अंगाला लावून पाहिला नाही. हिरव्या रेघांवरून बोट फिरवलं, खिशाचं झाकण उघडलं, मिटलं. तिच्या घरी, पलंगाशेजारी लावलेल्या फोटोत बापानं तिला खांद्यावर घेतलंय, तो हाच शर्ट घालून. रोज झोपताना ती त्या खिशाकडे बघत आली होती. आजीला हे कुठं ठाऊक असणार?

“हा पापाचा आहे,” ठमी म्हणाली.

आजीच्या हातातली सुई थांबली.

“पापाचा शर्ट तू का कापलास?”

‘कोर्तास्ते’ म्हणाली पोर. स्वच्छ, शेवटपर्यंत. फळ्यावरचा दुसरा शब्द.

खोटं आजीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. दुसरा शर्ट आहे, तसाच आहे, फाटला होता, त्यानंच सांगितलं काप म्हणून. पण समोर शिंपिणीची नात उभी होती. तिच्या हातात उलटवायची राहिलेली कॉलर होती, ती आजीनं फ्रॉकच्या गळ्याला तशीच ठेवली होती. कपड्याचं असं असतं की तो घालणारा माणूस असेल तर तो सैल करतात, आखूड करतात, ठिगळ लावतात. मुळापासून कापून दुसऱ्याच्या मापाचा करतात, तो फक्त एकाच वेळी. हे आजीनं कुणाला शिकवलं नव्हतं, पण ठमीच्या तोंडाकडे बघून तिला कळलं की पोरीला ते कळलंय. “तो आल्यावर काय घालेल?” असं तिनं विचारलंच नाही.

आजी उठली, ठमीपाशी जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. परत न दिसण्याची बोली तिला आठवत होती. सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे होता. तरी ती बोलली. जे सरळ शब्द तिला येत होते तेवढेच घेऊन बोलली, कारण वांड शब्द अजून शिकवलेच नव्हते.

“मी कापला,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी कापला. पापानं खूप काम केलं. पापा घरातून निघाला. परतला नाही.”

सालियो. नो बोल्बियो.

“इथं परतला नाही?”

“इथं नाही. तुझ्या घरी नाही. कुठंच नाही.”

ठमी रडली नाही. ती म्हणाली, “पुन्हा शर्ट कर.”

“होत नाही, राजा.”

“उसव. तू उसवतेस सगळं.”

“उसवलं तरी कापलेलं राहतं.”

मग ठमीनं विचारलं, बाह्या कुठं आहेत? आजीनं चिंध्यांच्या टोपलीतून दोन्ही बाह्या काढून दिल्या. ठमीनं त्या हातांत चढवल्या, काखेपर्यंत. पुढे वीतभर लोंबत राहिल्या. तशीच ती कापायच्या टेबलाखाली शिरली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. आजीनं हाक मारली नाही. ती टेबलाला पाठ लावून बाहेर बसली.

सून आली ती दोघींना अशा बघून दारातच थबकली. तिला विचारावं लागलं नाही. टेबलाखालून हिरव्या बाह्या दिसत होत्या. मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, त्यातलं आजीला एक अक्षर कळलं नाही. इतक्या वेगानं मास्तरही कधी बोलले नव्हते. हाताची बोटं आजीकडे, पोरीकडे, पुन्हा आजीकडे. “परत नाही,” एवढं मात्र कळलं. आजीनं मान खाली घातली.

आणि टेबलाखालून आईला हाक आली, “मामा, त्या दिवशी पापा जेवला?”

सुनेनं वळून टेबलाकडे बघितलं.

“त्या दिवशी,” ठमी म्हणाली, “तो निघाला तेव्हा. खाऊन निघाला?”

सुनेनं पर्स खाली टाकली आणि ती दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली. मग बोलली ती कुणाकडेच न बघता, आणि अगदी सावकाश. कदाचित तिच्या अंगात तेवढाच जोर राहिला असेल, पण त्यामुळे आजीला एकेक शब्द हातात येत गेला.

तो उठला. कॉफी प्यायला. खाल्लं नाही, नंतर खातो म्हणाला. बुटाची नाडी तुटली, तिला त्यानं गाठ मारली. तू झोपलेली होतीस, तुझ्या कपाळाला ओठ लावले. दार हळूच ओढलं. जिन्यानं उतरला, लिफ्टनं तो कधी उतरला नाही, म्हणायचा लिफ्ट मला कामावर बघायची असते. दुपारी त्यानं फोन केला. मी कपडे वाळत टाकत होते, मी फोन उशिरा उचलला. त्यानं काही तरी गाणं ऐकवलं आणि हसला. संध्याकाळी लवकर परततो असं वचन दिलं. मग तो वर चढला.

उठला, प्यायला, ओढलं, उतरला, चढला. बहुतेक सगळे आरवाले, एरवाले, ईरवाले, सरळ वळणाचे, शेपटीसकट आजीच्या ओळखीचे. दुभाष्यानं सांगितलेल्या त्या दोन शब्दांपलीकडे तिला आपल्या मुलाचा शेवटचा दिवस कुणी सांगितला नव्हता. नातीला द्यायला म्हणून शिकलेल्या शेपट्या आजीच्याच पदरात पडत होत्या. कानात जीव आणून ती ऐकत होती. नाडी तुटली होती. खाल्लं नव्हतं.

त्यानंतर सुनेनं एकच छोटा शब्द उच्चारला. तो आजीला आला नाही. शेपटी ओळखीची वाटली, पण धड काही जुळेना. मास्तर पुढे शिकवणार होते त्यांतला असावा. तिनं त्याचा अर्थ विचारला नाही.

ठमी बाहेर आली ती आईकडे गेली नाही आणि आजीकडेही नाही. दोघींच्या मधे, जरा लांबच बसली. बाह्यांची टोकं मुठीत गच्च धरून म्हणाली, “तुम्ही दोघी मला खोटं बोललात.”

सून म्हणाली, “हो.” आजीनंही तेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. ठमीनं निघताना आजीचा मुका घेतला नाही. फ्रॉक ती घेऊन गेली नाही, बाह्या तेवढ्या नेल्या. सुनेनं बॅग गाडीत टाकली, आजीचे हात हातात घेतले आणि सोडले. पुन्हा येऊ म्हणाली नाही, येणार नाही असंही नाही. गाडी गेली. चष्मेवाला समोरून बघत होता. त्या दिवशी तो बटण तेवढं लावून घेऊन गेला.

सुनेचा फोन यायचा तो रविवारी. एक रविवार गेला, फोन नाही. दुसरा गेला. आजी मास्तरांकडेही जाईना. नर्स दुकानात येऊन डोकावली, “आजी, वांडांचा धडा झाला, तुम्हीच नव्हता.” आजी म्हणाली, “मला कामं आहेत गं.” आपण पोर गमावली, हे तिनं मनाशी कबूल करून टाकलं होतं. खरं बोलल्याचा काही आनंदबिनंद तिला झाला नव्हता. मांडीवरची कामं तशीच पडून राहायची आणि ती दोरा ओवायचा विसरून सुई धरून बसायची.

पुढच्या रविवारी फोन वाजला, आणि फोनमधे तोंड दिसलं ते ठमीचं. कपाळाचं अर्धंच. कॅमेरा मुळी बिघडलेला नव्हताच.

“आबुएला,” ती म्हणाली. आणि ‘कशी आहेस’ वगैरे काही नाही. “मामा म्हणते, लहान पापा तिला माहीत नाही. तो तुला विचार म्हणते.”

“मामा कुठंय?”

“इथंच आहे. ऐकतेय. बोलत नाही.”

तिनं टाकीपासून सुरुवात केली. पापा टाकीवर चढला. उतरला नाही. वर बसून गाणी गायला. तिकडे कुणी हसलं नाही, पण फोन कुणी ठेवलाही नाही. काच फोडली तेही सांगून झालं. साबण खाल्ला तेही. मग कपाळ जरा जवळ आलं.

“आणि तू?” ठमीनं विचारलं.

“मी काय?”

“तुला फोन आला. पापा परतला नाही असा. तेव्हा तू काय केलंस?”

हे आजीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक आले, बसले, समजूत घालून गेले. काय केलंस असं कुणी म्हणालं नाही. ती आठवू लागली. त्या संध्याकाळी मशीनवर कुणाचे तरी पडदे होते, दुसऱ्या दिवशी द्यायचे. फोन ठेवून ती पुन्हा मशीनवर बसली होती. का बसली, ते तिला तेव्हाही कळलं नाही. पडद्यांना भलतीकडेच टीप घातली, उसवली, पुन्हा घातली.

“मी शिवलं,” आजी म्हणाली. कोसी. जोर शेवटी.

“आणि मग?”

“उसवलं. पुन्हा शिवलं.”

ठमीनं फोन फिरवला. एका स्वयंपाकघराची भिंत दिसली, ओट्यावर हात टेकून पाठमोरी उभी असलेली सून दिसली. “मामा,” ठमीचा आवाज आला, “आबुएलानं शिवलं. आता तू सांग, तू काय केलंस.”

सुनेनं ओट्यावरचे हात उचलले आणि ती फोनकडे वळली. आजी फोन तोंडाजवळ धरून थांबली.